कोणता होला?

वर्ध्याहून सेवाग्रामकडे किंवा पवनारकडे सकाळी सायकलने निघालेल्या कोणत्याही शिक्षकाला वाटेत होला भेटतोच. कधी विजेच्या तारेवर, कधी बाभळीच्या शेंड्यावर, कधी रस्त्यावर सांडलेले दाणे टिपताना, तर कधी थेट शाळेच्या कुंपणावर. वर्गात गेल्यावर मुलांना विचारावे, "आज वाटेत कोणते पक्षी दिसले?" चिमणी, कावळा, साळुंकी यांच्या पाठोपाठ होल्याचे नाव येतेच. कोणी 'कवडा' म्हणतो. शिक्षक फळ्यावर 'होला' असा शब्द लिहितात आणि पुढच्या मुलाकडे वळतात.

आमची तक्रार इथूनच सुरू होते. 'होला' हे उत्तर चूक नाही, पण ते अपुरे आहे. 'झाड दिसले' असे कोणी सांगितले, तर आपण लगेच विचारतो, "कोणते झाड? कडुनिंब की बाभूळ?" होल्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारला जात नाही. वर्धा जिल्ह्यात चार जातींचे होले सहज दिसतात. चारही आपल्या डोळ्यांसमोर वावरतात आणि चौघांना मिळून आपण एकच नाव देऊन मोकळे होतो.

हा दोष फक्त शिक्षकांचा नाही. आम्ही पाहिलेल्या अनेक भिंतीवरच्या तक्त्यांत होल्याचे चित्र म्हणजे थोडे बारीक काढलेले, राखी रंगाचे कबूतर असते. मानेवर खूण नसते, शेपटीची लांबी कशीही असते, आणि खाली 'होला' असे छापलेले असते. ते चित्र चौघांपैकी कोणाचेही नसते. आम्ही स्वतःही शाळांसाठी लिहिताना 'माळावर होला दिसतो' अशी वाक्ये अनेकदा लिहून गेलो आहोत. तेव्हा ही टीका करताना पहिला नंबर आमचाच लागतो.

सलीम अलींकडून काय घ्यायचे राहिले?

भारतात पक्षी ओळखण्याचे वळण सामान्य वाचकाला लावले ते सलीम अली यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' या पुस्तकाने. ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आवृत्त्या पुढे निघतच राहिल्या. या पुस्तकाची खरी ताकद चित्रांइतकीच त्याच्या पद्धतीत आहे. पक्ष्याचा आकार सांगताना ते चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा असे रोजच्या ओळखीचे पक्षी मापासाठी वापरते. मग दुरून दिसणाऱ्या खुणा, आढळाचे प्रदेश, सवयी आणि शेवटी घरट्याची माहिती येते. हातात पक्षी नसताना, वीस-पंचवीस पावलांवरून तो कसा ओळखावा, याचे हे शिक्षण आहे.

मराठीतल्या शालेय साहित्याने या पुस्तकातून काय घेतले? रंग घेतले. 'पाठ तपकिरी, पोट गुलाबी, पाय लाल' अशी वाक्ये भाषांतरित झाली. माप मात्र वगळले गेले, वसतिस्थान 'शेते व बागा' एवढ्यावर आटोपले, आणि आवाज तर गळूनच पडला. होल्यांचे रंग एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की नुसत्या रंगांच्या यादीवरून मूल गोंधळणारच. 'तपकिरी-गुलाबी' हे वर्णन चौघांपैकी दोघांना तरी लागू पडते.

मूळ पुस्तकाविषयीही एक गोष्ट म्हणायला हवी. त्यात प्रत्येक जातीची नोंद स्वतंत्र आहे. जवळच्या जाती शेजारी शेजारी मांडून 'याला हे आहे, त्याला ते नाही' अशी तुलना वाचकाने स्वतः करायची असते. सरावलेला निरीक्षक ती करतो. सातवीच्या मुलाला मात्र ती करून दाखवावी लागते. म्हणून ती आम्ही येथे करीत आहोत.

आधी कुळाची खूण

होला कोणता, हे ठरवण्याआधी होला म्हणजे काय, हे पाहू. शाळेच्या आवारात पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि लांबून पाहा. चिमणी चोच बुडवते, मग मान वर करून घोट गिळते. होला चोच पाण्यात बुडवूनच ठेवतो आणि सलग पाणी ओढून घेतो. पारवाही तसाच पितो. दोघांची घरटी म्हणजे मोजक्या काड्यांचा पसारा असतो. होल्याच्या घरट्यातली अंडी तर खालून दिसावीत इतका तो विरळ असतो. अंडी बहुधा दोन, पांढरी. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने ती उबवतात. पिल्ले बाहेर आली की पहिले काही दिवस दोघेही त्यांना आपल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून तयार होणारा दह्यासारखा पदार्थ भरवतात. याला 'कपोतदुग्ध' म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या दुधाशी त्याचा संबंध नाही, पण त्यात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असतात.

या एका गोष्टीचा परिणाम मोठा आहे. दाणे खाणाऱ्या बहुतेक पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे शोधावे लागतात, म्हणून त्यांची वीण किड्यांच्या हंगामाला बांधलेली असते. होल्याला ती अडचण नाही. दाणे आणि पाणी मिळाले की तो वर्षातल्या जवळजवळ कोणत्याही महिन्यात घरटे करू शकतो. होला सगळीकडे दिसतो, त्यामागे हे एक कारण आहे.

पिण्याची रीत, दोन अंडी, कपोतदुग्ध ही झाली कपोत कुळाची लक्षणे. या कुळात जगभर सुमारे साडेतीनशे जाती आहेत. सतराव्या शतकात मॉरिशस बेटावरून नाहीसा झालेला, उडू न शकणारा डोडोसुद्धा याच कुळातला.

मग मान पाहा

आता चार होले शेजारी शेजारी उभे करू. नजर आधी मानेवर ठेवा, रंग नंतर पाहा.

पहिला, ठिपकेवाला होला. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीहून मोठा आणि पारव्याहून बारीक. मानेच्या मागच्या बाजूला काळा रुंद पट्टा आणि त्यावर पांढरे ठिपके, जणू बुद्धिबळाचा पट. पाठीवर आणि पंखांवर फिकट गुलाबी ठिपके. शेपटी लांब. उडताना शेपटीच्या कडेच्या पिसांची पांढरी टोके चमकतात.

दुसरा, छोटा तपकिरी होला. सुमारे २६ सेंटिमीटर. साधारण साळुंकीएवढा, पण शेपटी लांब. पाठ मातकट आणि बिनठिपक्यांची, पंखाच्या कडेला निळसर राखी पट्टा. यालाही मानेवर ठिपक्यांचा पट असतो, पण तो मागे नसून गळ्याच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे असतो, आणि ठिपके पांढरे नसून तांबूस असतात. पाठमोरा बसला तर खूण दिसत नाही. ज्या मुलाने फक्त मागून पाहिले, ते 'याला काहीच नाही' असे सांगेल. त्याला समोरून पुन्हा पाहायला सांगा.

तिसरा, कंठी होला. सुमारे ३२ सेंटिमीटर, चौघांत मोठा. अंग फिकट, वाळूच्या रंगाचे. मानेच्या मागे काळी, बारीक, पांढऱ्या कडेची अर्धी कंठी. ठिपका एकही नाही.

चौथा, लाल होला. सुमारे २३ सेंटिमीटर, चौघांत लहान आणि आखूड शेपटीचा. नराचे डोके निळसर राखी, अंग विटकरी आणि मानेमागे काळी अर्धी कंठी.

या चौथ्यापाशी एक सापळा आहे. पहिल्या तीन जातींत नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखे असतात. लाल होल्याची मादी मात्र लाल नसतेच. ती राखी-तपकिरी असते आणि मानेमागे तशीच काळी कंठी असते. तिला पाहून मूल 'कंठी होला' असे लिहिते. तक्त्यावर 'नर-मादी सारखे' असे एकच वाक्य सर्व होल्यांसाठी छापले, की ही चूक पक्की होते. अशा वेळी आकार कामी येतो. कंठी होला जवळजवळ पारव्याएवढा लांब, तर लाल होल्याची मादी साळुंकीहूनही किंचित लहान. सलीम अलींचे माप गाळले, तर काय हरवते, ते इथे कळते.

आणखी एक सावधगिरी. नुकत्याच उडू लागलेल्या पिलांच्या मानेवर ठिपके किंवा कंठी स्पष्ट नसते. तेव्हा 'खूण नाही, म्हणून होला नाही' असा नियम करू नये.

कोण कोठे राहतो?

वर्धा जिल्ह्यात फिरताना जमीन बदलते, तसा होलाही बदलतो. उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजा भागात टेकड्या आणि सागाची पानझडी जंगले आहेत. सेलू तालुक्याच्या बाजूला बोर अभयारण्य आहे. १९७० मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. दक्षिणेकडे हिंगणघाट, समुद्रपूर, देवळीच्या बाजूला काळी सपाट शेतजमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर.

ठिपकेवाल्याला झाडी आणि सावली लागते. जंगलाची कड, पाण्याजवळच्या राया, जुन्या झाडांच्या बागा ही त्याची जागा. आश्रमासारख्या दाट झाडांच्या आवारात आधी त्यालाच शोधावे. छोटा तपकिरी कोरड्या जागेतला. काटेरी झुडपे, दगडी कुंपणे आणि माणसांची घरे त्याला चालतात. वळचणीला, खिडकीच्या छज्जावर, कुंडीतसुद्धा तो घरटे करतो. शाळेच्या व्हरांड्यातला होला बहुधा हाच. कंठी होला मोकळ्या शेताचा. बाभळी, विजेच्या तारा आणि मळणीच्या जागा येथे तो दिसतो. लाल होलाही शेतीच्या मोकळ्या प्रदेशातलाच, पण त्याला मधून मधून मोठी झाडे हवीत, आणि तो ऋतूप्रमाणे जागा बदलतो.

या सीमा काटेकोर नाहीत. एकाच तारेवर दोन जाती बसलेल्या दिसतील. पण 'सर्वत्र आढळतो' हे तक्त्यावरचे वाक्य मात्र खोटे आहे. 'होला' सर्वत्र आढळतो. चौघांपैकी प्रत्येक जण आपापल्या जागी आढळतो. एक शब्द वापरल्यामुळे चार वेगळ्या राहणी आपल्याला दिसेनाशा होतात.

नावांतली बंदरे

आता वर्गीकरणाकडे येऊ. शिक्षक आम्हाला नेहमी विचारतात की शास्त्रीय नावे पाठ का करायची आणि ती सारखी बदलतात का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पाठ करू नयेत, असेच आमचे मत आहे. पण ती वाचावीत, कारण त्यांत इतिहास असतो.

ठिपकेवाल्याचे नाव चायनेन्सिस. ते १७८६ मध्ये स्कोपोली या शास्त्रज्ञाने चीनमधून आलेल्या माहितीवरून दिले. आपल्याकडच्या ठिपकेवाल्याला १७८९ मध्ये ग्मेलिनने वेगळे नाव दिले, सुरतेन्सिस. म्हणजे सुरतेचा. भारतातल्या छोट्या तपकिरी होल्याच्या उपजातीला त्याच वर्षी त्यानेच नाव दिले, कंबायेन्सिस. म्हणजे खंबायतचा. या जातीचे मूळ नाव सेनेगालेन्सिस, ते आफ्रिकेतल्या सेनेगलवरून लिनीयसने १७६६ मध्ये दिले. लाल होला ट्रांकेबारिका. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचे तरंगंबाडी हे तेव्हा डॅनिश लोकांचे ठाणे होते, त्यावरून १८०४ मध्ये हे नाव आले.

नकाशा उघडा. सुरत, खंबायत, तरंगंबाडी. सगळी बंदरे! पक्षी तर देशभर होते, पण युरोपला नमुने आणि वर्णने जात होती ती जहाजातून. जेथे जहाज लागले, तेथले नाव पक्ष्याला चिकटले. पवनारच्या धाम नदीकाठी तोच होला होता, पण तेथे जहाज नव्हते. शास्त्रीय नाव म्हणजे पक्ष्याचा जन्मदाखला नव्हे, एवढे यावरून मुलांना सहज पटते.

कंठी होल्याचे नाव यांत वेगळे. डेकाऑक्टो म्हणजे ग्रीक भाषेत 'अठरा'. वर्षाला फक्त अठरा नाणी मिळणाऱ्या एका मोलकरणीच्या ग्रीक दंतकथेशी ते जोडलेले आहे. हा होला विसाव्या शतकात तुर्कस्तान-बाल्कनकडून युरोपभर पसरला आणि १९५५ मध्ये त्याने ब्रिटनमध्ये पहिले घरटे केले. आपल्या तारेवरचा 'नेहमीचा' पक्षी तिकडे त्या वर्षी बातमीचा विषय होता.

नाव बदलते, म्हणजे काय होते?

जर्डनने १८६२ ते १८६४ मध्ये भारतातल्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा हे होले 'टर्टर' या प्रजातीत होते. सलीम अलींच्या काळापर्यंत चौघेही 'स्ट्रेप्टोपेलिया' या प्रजातीत आले. आज बहुतेक याद्यांत ते दोन ठिकाणी विभागलेले आहेत. कंठी आणि लाल होला स्ट्रेप्टोपेलियातच राहिले. ठिपकेवाला आणि छोटा तपकिरी 'स्पिलोपेलिया' या प्रजातीत गेले.

हा बदल कोणाच्या लहरीने झाला नाही. २००१ मध्ये केव्हिन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होल्यांच्या व कबुतरांच्या अनेक जातींचा डीएनए तपासला. ठिपकेवाला आणि छोटा तपकिरी हे एकमेकांचे सख्खे नातलग आहेत, आणि बाकीच्या होल्यांपासून त्यांची शाखा फार पूर्वी वेगळी झाली आहे, असे त्यातून दिसले. मग सुंडेव्हाल या स्वीडिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सुचवलेले स्पिलोपेलिया हे जुने नाव पुन्हा वापरात आले.

आता या दोन नावांचे अर्थ पाहा. ग्रीक भाषेत 'पेलेया' म्हणजे होला, 'स्ट्रेप्टोस' म्हणजे गळ्यातले कडे आणि 'स्पिलोस' म्हणजे ठिपका. स्ट्रेप्टोपेलिया म्हणजे कंठी होला. स्पिलोपेलिया म्हणजे ठिपकेवाला होला. आपण वर मानेवरून जे दोन गट पाडले, ते हेच दोन गट! मान नीट पाहणारे सातवीचे मूल दुर्बिणीशिवाय जेथे पोचते, तेथेच प्रयोगशाळाही पोचली.

म्हणूनच आमचा आक्षेप मराठी पुस्तकी नावांवरही आहे. 'ठिपकेवाला' आणि 'कंठी' ही दोन नावे मान दाखवतात. 'छोटा तपकिरी' आणि 'लाल' ही दोन नावे इंग्रजीतून आली आणि ती मान लपवतात. त्यामुळे छोटा तपकिरी हा ठिपकेवाल्याचा भाऊ आहे, आणि लाल हा कंठीचा, हे नावावरून कळत नाही. शिवाय 'लाल' हे नाव मादीला लागूच पडत नाही. 'छोटा ठिपकेवाला' आणि 'लाल कंठी' असे म्हटले, तर काय बिघडेल? निदान वर्गात तरी म्हणून पाहावे.

पण येथे एक पथ्य पाळायला हवे. दिसणे सारखे म्हणजे नाते जवळचे, असा नियम करून मुलांना देऊ नये. त्याच २००१ च्या अभ्यासात याच्या उलट उदाहरणही होते. अमेरिकेतली कबुतरे दिसायला आपल्या पारव्यासारखीच असल्याने ती एकाच प्रजातीत धरली जात. डीएनएने दाखवले की आपला पारवा त्या अमेरिकन कबुतरांपेक्षा आपल्या होल्यांच्या अधिक जवळचा आहे. मानेवरच्या खुणेने खरे नाते सांगितले, अंगाच्या बांध्याने फसवले. कोणते लक्षण विश्वासाचे, हे आधीपासून ठाऊक नसते. ते तपासावे लागते. वर्गीकरण हे एक अनुमान आहे, आणि नवा पुरावा आला की अनुमान सुधारावे लागते. नाव बदलते ते यामुळे. आणि ते काम संपलेले नाही. सुरतेचा ठिपकेवाला पूर्वेकडच्या ठिपकेवाल्याची उपजात मानावा की स्वतंत्र जात, यावर आजही याद्या एकमत नाहीत. बर्डलाइफ इंटरनॅशनलच्या यादीत त्याला वेगळी जात धरले आहे.

वर्गात काय करावे?

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि परिसरातून, हाताने काम करीत शिकण्याची कल्पना देशापुढे मांडली गेली. त्या गावाच्या शाळांनी होल्याला तक्त्यावरून उतरवून कुंपणावर पाहावे, एवढीच आमची मागणी आहे.

तक्ता फाडून टाकू नका. त्याच्या शेजारी एक कोरा कागद लावा आणि त्यावर फक्त चार माना काढा. मागून आणि समोरून. मुलांनी रोज दहा मिनिटे निरीक्षण करावे आणि चारच गोष्टी लिहाव्यात: मानेवर काय होते, साळुंकीपेक्षा लहान की मोठा, कोठे बसला होता, काय करीत होता. नाव शेवटी लिहावे. खात्री नसेल तर 'होला, जात नक्की नाही' असे लिहावे, आणि त्याचे गुण कापू नयेत. अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा ती नोंद अधिक मोलाची आहे.

आर्वीची शाळा आणि हिंगणघाटची शाळा यांनी वर्षभराच्या नोंदी एकमेकींना पाठवल्या, तर टेकड्यांवर कोण आणि सपाटीला कोण, हे मुलेच सांगतील. गेल्या काही दशकांत विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटले आणि सोयाबीन वाढले. दाणे टिपणाऱ्या चार पक्ष्यांपैकी कोणाला त्याचा फटका बसला, हा प्रश्न सोडवायचा तर 'होले दिसले' अशी नोंद कुचकामी आहे. एक जात कमी झाली आणि दुसरी वाढली, तर बेरीज तीच राहील आणि आपल्याला काहीच कळणार नाही.

घरटे दिसले तर लांबूनच पाहावे. होला घाबरून घरटे सोडून जाऊ शकतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने होल्यांना संरक्षण दिलेले आहे, हेही मुलांना सांगावे.

उद्या एखादे मूल म्हणेल, "गुरुजी, होला दिसला." तेव्हा फळ्याकडे वळण्याआधी एवढेच विचारा, "त्याची मान पाहिलीस का?"